पावणेचारला परत

५ सप्टेंबर, मंगळवार

शाळा सुरू झाली आणि लिंडग्रेन मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हातात एकेक वही ठेवली. शिक्षकांना दिली, स्वयंपाकघरातल्या बायकांना दिली आणि मलाही दिली. म्हणाल्या, "हे आपल्या शाळेचं सलोख्याचं वर्ष आहे. मनात येईल ते लिहा. कुणी वाचणार नाही."

मी म्हटलं, "मॅडम, मी बस चालवते. माझ्या मनात फक्त ब्रेक आणि खड्डे येतात."

"मग खड्ड्यांबद्दल लिहा, व्हर्ना."

मुख्याध्यापिका म्हणून नव्या आहेत, शहरातून आल्यात, अजून पस्तिशीही नसेल. हसल्या की त्यांच्यावर राग धरता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

तर खड्डे. ब्रायर क्रीकपासून रेड विलोपर्यंत, म्हणजे क्री आदिवासींच्या वस्तीपर्यंत, अठरा किलोमीटर खडीचा रस्ता. यंदाही तो कुणी नीट केलेला नाही. सकाळी सात चाळीसला पहिला थांबा तिथलाच. फिलोमीन लाँगग्रास तिच्या पणतीला, जोसीला, घेऊन उभी होती. जोसी यंदा दुसरीत गेली. पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंड बंद नाही.

आणि फिलोमीनबाईंचं तेच. दाराची दांडी धरायची आणि विचारायचं, "परत कधी आणणार?"

"पावणेचारला."

उत्तर ऐकल्याशिवाय दांडी सोडत नाहीत. पायरीवर मात्र कधी पाऊल ठेवत नाहीत. सव्वीस वर्षं मी ही बस चालवतेय. आधी त्यांच्या नातीच्या वेळी हेच, आता पणतीच्या वेळी तेच. पावणेचारचे कधी चार झाले नाहीत, बर्फातसुद्धा. तरी बाईंचा विश्वास नाही. बहात्तरीला विसरभोळेपणा येतो म्हणावं, तर तेव्हा त्या शेहेचाळीसच्या होत्या.

माझे वडीलही हेच काम करायचे. वर्षभर ट्रकमधून धान्य न्यायचे आणि सप्टेंबरात पोरं, तलावाकाठच्या त्या मोठ्या निवासी शाळेत. पोरांना शाळेत पोचवणं आमच्या रक्तातच आहे. मॅडमना सांगायला हवं.

७ सप्टेंबर, गुरुवार

सलोखा समितीची सभा झाली. समितीत मी कशी आले ते मला माहीत नाही. खुर्ची रिकामी होती, पाय दुखत होते, बसले. २९ तारखेला, शुक्रवारी, नारिंगी शर्टचा दिवस आहे. निवासी शाळांत नेलेल्या पोरांची आठवण म्हणून सगळी शाळा नारिंगी घालणार. वाचनालयात एक प्रदर्शन मांडायचं ठरलंय: आपल्या घरांमध्ये क्री शेजाऱ्यांकडून आलेल्या जुन्या वस्तू. पाटी पण ठरली, "जुने ऋणानुबंध". कुणाकडे टोपली निघाली, कुणाकडे हातमोजे.

मी म्हटलं, "माझ्याकडे मोकासिन आहेत, मऊ कातडी जोडे. मण्यांच्या भरतकामाचे. माझ्या लहानपणचे, भेट मिळालेले."

मॅडमचा चेहरा असा उजळला की मलाच लाज वाटली. माझे जोडे मधल्या टेबलावर राहणार.

९ सप्टेंबर, शनिवार

ख्रिसमसच्या सजावटीच्या खोक्यातून जोडे काढले. मूस हरणाच्या कातड्याचे आहेत, वीतभर लांबीचे. साठ वर्षं झाली तरी हुंगलं की धुराचा वास येतो. प्रत्येक जोड्यावर पाच पाकळ्यांचं लाल फूल, खाली हिरवा देठ. मी चार वर्षांची असताना तातोंनी आणले. तातो म्हणजे माझे वडील. घरात आम्ही त्यांना तसंच म्हणायचो. सप्टेंबरातलीच संध्याकाळ होती. ट्रकमधून उतरले, कोटाच्या खिशातून काढून माझ्यापुढे धरले आणि हात धुवायला गेले. कुणी दिले विचारलं तर आई म्हणाली, "वस्तीतल्या एखाद्या बाईने दिले असतील. तुझे तातो त्यांच्या पोरांची ने-आण करतात ना." अंगठा बाहेर येईपर्यंत मी ते घातले. ख्रिसमसच्या फोटोत माझ्या पायांत तेच आहेत.

त्यांत एकच खोट होती. डाव्या जोड्याच्या तिसऱ्या पाकळीत, ऐन मध्यावर, लाल मण्यांत एक निळा मणी. लहानपणापासून माझ्या डोळ्यांत खुपायचा. आजीने मला युक्रेनी भरतकाम शिकवलं ते छडी शेजारी ठेवून. एक फुली चुकली तर सगळी ओळ उसवायला लावायची. म्हणायची, पाहुण्याला बाकीच्या हजार फुल्या दिसत नाहीत गं, तेवढीच दिसते. आता सगळं गाव हे जोडे बघणार. त्या बिचारीचे लाल मणी संपले असतील, नाहीतर दिवा मंद असेल.

दुकानातून लाल मणी आणले, रंग अगदी जुळला. बारीक कात्रीने निळा काढला, लाल बसवला, दोन टाके मागून. चष्म्यातूनसुद्धा कळत नाही. निळा मणी बटणांच्या डब्यात टाकला. काम झाल्यावर जोडे खिडकीत ठेवून चहा प्यायले. इतकं समाधान बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

११ सप्टेंबर, सोमवार

आज फजिती झाली.

मॅडमना कार्यक्रमासाठी फिलोमीनबाई हव्यात. वस्तीतली वडीलधारी माणसं आता चार-पाचच उरलीत, त्यांतल्या त्या. अशा माणसाला चिठ्ठी पाठवून बोलवायचं नसतं. आधी तंबाखू द्यायची, मग मागणं मागायचं. त्यांनी तंबाखू घेतली तर हो, नाही घेतली तर नाही. मॅडम हे कुठल्याशा शिबिरात शिकून आल्या होत्या. लाल कापडात बांधलेली पुरचुंडी माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "तुम्ही रोज भेटता ना त्यांना."

सकाळी दार उघडलं, जोसी चढली. मी खुर्चीतूनच हात लांबवून पुरचुंडी पुढे केली. "फिलोमीनबाई, हे तुमच्यासाठी. शाळेकडून."

त्यांनी हात पुढे केला नाही. "हे काय? कुणाचा डबा राहिला होता का?"

मागच्या बाकावरची पोरं खिदळली.

"तंबाखू आहे. कार्यक्रमाला बोलवायचंय तुम्हाला."

"अशी देतात होय? बसल्या जागेवरून, इंजिन घुरघुरत असताना? खाली उतर."

"पोरं आत असताना मला जागा सोडता येत नाही, बाई. नियम आहे."

"बरं. मग माझाही आहे." आणि लगेच, जणू काही झालंच नाही, "परत कधी आणणार?"

"पावणेचारला!" मी जरा जोरातच म्हणाले.

जोसी म्हणाली, "कोहकम चिडली नाहीये हं. ती चिडली की हसते." कोहकम म्हणजे त्यांच्यात आजी. आता ही मला समजावणार.

१६ सप्टेंबर, शनिवार

फिलोमीनबाईंच्या घरी रीतसर गेले. पुरचुंडी दोन्ही हातांनी दिली, मागणं सांगितलं आणि मॅडमनी बजावल्याप्रमाणे गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांनी पुरचुंडी आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवली, चहा ओतला, तव्यावरचा बॅनक पाव मोडून अर्धा माझ्याकडे सरकवला. गरम होता. मी तीन तुकडे खाल्ले.

गप्प राहवेना म्हणून बोलले. म्हटलं, "माझे वडीलही तुमच्या पोरांना शाळेत न्यायचे. तलावाकाठच्या. ट्रकमधून. तुम्हीही तिथेच होता का?"

त्यांनी किटली खाली ठेवली. "होते. माहीत आहे मला तुझा बाप."

किती छान, जुनी ओळख निघाली! मला आठवलं, तातो गेले तेव्हा चर्चच्या शेवटच्या बाकामागे त्या उभ्या होत्या. मग दफनभूमीपर्यंत आल्या. आमच्या दुःखात वस्तीतून आलेलं ते एकच माणूस. तातोंना सगळे मानायचे. मी तसं म्हटलंही. त्यांनी साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "साखर घे."

भिंतीवर फोटोच फोटो आहेत. नातवंडं, पतवंडं, हॉकीची टीम. मी सहज विचारलं, "भावंडं?"

"एक भाऊ होता. नॉर्बर्ट. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिथेच गेला, सहाव्या वर्षी."

"फोटो नाही?"

"काहीच नाही."

मला वाईट वाटलं. तेव्हा कॅमेरे होते तरी कुणाकडे.

शेवटी त्यांनी पुरचुंडी उचलून एप्रनच्या खिशात टाकली. भाषण करणार नाही म्हणाल्या. पण कार्यक्रमाच्या आधी, मंगळवारी २६ ला, गर्दी नसताना प्रदर्शन बघायला येईन. मग काय ते ठरवेन. मी म्हटलं, "सकाळी माझ्या बसनेच या की."

"नको," म्हणाल्या. "भाची सोडेल."

१९ सप्टेंबर, मंगळवार

नारिंगी शर्टांचे गठ्ठे आले. माझ्या मापाचा नाही. पुरुषांचा मोठा घ्यावा लागणार. मॅडमनी माझ्या जोड्यांसाठी कार्ड छापलंय: "प्रेमाची भेट, १९६१. सावचिन कुटुंबाच्या सौजन्याने." तातोंचं आडनाव असं सुंदर अक्षरांत पहिल्यांदाच बघितलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार

काय लिहू कळत नाही. क्रमाने लिहिते.

फिलोमीनबाई दहा वाजता आल्या. वाचनालयात मॅडम, मी आणि त्या, तिघीच. टोपली बघितली, हातमोजे बघितले. कुठे काय झालंय, कातडं कुणी कमावलंय ते सांगत होत्या. मॅडम भराभर लिहून घेत होत्या. मग मधल्या टेबलाशी आल्या आणि थांबल्या.

विचारलं नाही, डावा जोडा सरळ उचलला. आधी हुंगला. मग अंगठ्याने पाकळ्या चाचपायला लागल्या, पहिली, दुसरी, तिसरी. तिसरीवर अंगठा थांबला. परत मागे गेला, परत पुढे आला. जोडा खिडकीकडे नेला. उजवा घेतला, तोही तसाच चाचपला. परत डावा.

"फूल तिचंच आहे," त्या म्हणाल्या, आमच्याशी नाही. "देठ डावीकडे वळवायची. टाचेची शिवणही तिचीच." मग मॅडमकडे बघून म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्या आईचे. नॉर्बर्टला नेलं त्या सकाळी तिने हेच फूल घातलं होतं त्याच्या पायांत. रात्रभर बसून केले होते. पण आई डाव्या जोड्यात एक मणी निळा घालायची. तिसऱ्या पाकळीत. कायम. आमच्याकडे बायका घालतात तसा एखादा वेगळा मणी. माणसाच्या हातचं काम अगदी बिनचूक असू नये, तेवढा मान वरच्यासाठी ठेवायचा. आईची जागा ठरलेली होती. अंधारातसुद्धा आम्हाला बोटांनी कळायचं, हे आईचे."

त्यांनी जोडा खाली ठेवला, दुसऱ्याशी नीट जुळवून. "इथे नाहीये तो. दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. म्हातारपणी माणूस हवं ते बघतं." मग कार्ड वाचलं. हसल्या. जोसी म्हणाली होती तसं.

मी तिथेच होते. हातभर अंतरावर. मॅडम त्यांना दारापर्यंत सोडायला गेल्या आणि मी कपाटांच्या मागे जाऊन उभी राहिले, चोरी पकडल्यासारखी.

दुपारी पावणेचारला जोसीला सोडलं. फिलोमीनबाई रस्त्यावर होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार

सकाळची फेरी झाल्यावर घरी आले आणि बटणांचा डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा केला. नवऱ्याच्या कोटांची बटणं, हुक, पिना, आजीचे तुटके मणी. दोन तास गेले. निळे मणी अकरा निघाले. दहा प्लॅस्टिकचे किंवा नवे, चकचकीत. एक बारीक, जुन्या औषधाच्या बाटलीसारखा, मळकट निळा. तोच. त्याच्या भोकात अजून जुन्या दोऱ्याचा तंतू होता.

मग एडमंटनला ऑरेस्टला फोन केला. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, त्याला आठवणार.

"तातो पोरं न्यायचे तेव्हा तू कधी बरोबर होतास का?"

पलीकडे टीव्ही चालू होता. मग त्याने तो बंद केला. "एकदा. नऊ वर्षांचा होतो. का?"

"कसं असायचं ते?"

"कसं म्हणजे? पोलीस पुढे, आपला ट्रक मागे. घराघरापुढे थांबायचं. मागच्या फळ्या उंच केलेल्या, गुरांना करतात तशा. व्हर्ना, कशाला उकरतेस आता?"

"पोरं रडायची?"

"तातोंनी रेडिओ मोठा केला." मग म्हणाला, "फादरनी सांगितलं होतं. तातो काय करणार होते? त्यांनी नाही म्हटलं असतं तर गावातला कोवालचुक ट्रक घेऊन गेला असता. चांगला माणूस होता आपला बाप. तू आता चारचौघांत त्याला काळं फासणार आहेस का?"

"माझ्या मोकासिनांचं काय माहीत आहे तुला?"

"मला काही माहीत नाही," तो म्हणाला, इतक्या पटकन की मला कळलं.

ने-आण. आई ने-आण म्हणाली होती. किती आणली ते मी कधी विचारलंच नाही.

फिलोमीनबाईंना कधी काही कळणार नाही. जोडे "दुसऱ्या कुणाचे तरी" म्हणून त्यांनीच सांगितलंय. मणी परत डब्यात टाकला तर तातोंचं नाव कार्डावर तसंच सुंदर राहील. हे मी लिहून ठेवतेय, कारण हा विचार माझ्या मनात आला आणि बराच वेळ राहिला.

२८ सप्टेंबर, गुरुवार

फेरी संपवून वाचनालयात गेले. मॅडमना फक्त सांगितलं, जोडे घेऊन जातेय. त्यांनी स्वतःच ते कागदात गुंडाळून दिले. दुकानातून तंबाखू घेतली, आजीच्या ट्रंकेतल्या लाल कापडात बांधली.

फिलोमीनबाईंनी दार उघडलं. मी दोन्ही हातांनी पुरचुंडी पुढे केली आणि दारातच सगळं सांगून टाकलं, नाहीतर धीर झाला नसता. मणी होता. मी काढला. चूक वाटली म्हणून. माझी आजी असं शिकवायची. आणि परवा तुम्ही बोलत होता तेव्हा मी गप्प बसले. आणि ट्रक माझ्या वडिलांचा होता.

मुठीतला मणी दाखवला. त्यांनी तो घेतला नाही, नुसता बघितला. मग आत जाऊन खुर्चीत बसल्या. मीही गेले, उभी राहिले. जोडे मांडीवर घेतले त्यांनी, दोन्ही, आणि त्यांत हात घातले, हातमोज्यांत घालतात तसे. त्यांचे तळवे मावेनात. आणि मग त्या रडल्या. मी आजवर कुणाला असं रडताना ऐकलं नाही. काय करावं ते सुचेना, म्हणून किटलीत पाणी भरलं.

चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं. त्या दहा वर्षांच्या, त्यांची तिथली ती चौथी खेप. नॉर्बर्टची पहिली. ट्रकमध्ये तो त्यांच्या कुशीत होता. पोचल्यावर मुलगे एकीकडे, मुली एकीकडे. घरचे कपडे, जोडे, सगळं अंगणात ढीग करून जाळायचे. त्यांनी खिडकीतून धूर बघितला. नॉर्बर्टला त्यानंतर फक्त जेवणघरात लांबून बघितलं. भावाशी बोलायची परवानगी नव्हती. मार्चमध्ये तो दिसेनासा झाला. आईला पत्र आलं मे महिन्यात. कुठे पुरलं ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

"तुझ्या बापाने ढिगातून उचलले असणार," त्या म्हणाल्या. "वाचवले की चोरले, मला माहीत नाही. दोन्ही असेल."

मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्या दफनाला आला होता."

"बघायला आले होते, कसं पुरतात ते. छान पुरलं. नावाचा दगड पण लावला."

मी विचारलं, "मी कुणाची मुलगी ते तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. डोळे त्याचेच आहेत तुझे."

"मग तुमची नात, जोसी... माझ्या बसमध्ये..."

"पोरी, ऐक." सव्वीस वर्षांत त्या मला पहिल्यांदाच पोरी म्हणाल्या. "त्या सकाळी माझी आई ट्रकच्या दाराला धरून उभी होती. तुझ्या बापाला विचारत होती, परत कधी आणणार? परत कधी आणणार? त्याला आमची भाषा येत नव्हती. त्याने मान हलवली आणि काच वर केली. आईने दार सोडलं नाही, म्हणून थोडी फरफटली." त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. "तू आलीस बस घेऊन, तेव्हा मी विचारलं. तू उत्तर दिलंस. आणि पावणेचारला आणलंस खरंच. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मला ते ऐकायला आवडतं, व्हर्ना. तुझ्या तोंडून."

आणि मी त्यांना विसरभोळी म्हणत होते.

मग त्यांनी ड्रॉवरमधून मण्यांची सुई काढून माझ्यापुढे ठेवली. "माझे डोळे गेलेत. तू काढलास, तूच लाव."

लाल मणी उसवला, निळा बसवला. दोन टाके मागून. त्यांनी अंगठा फिरवला, पहिली, दुसरी, तिसरी. डोळे मिटले. क्रीमध्ये काहीतरी म्हणाल्या, मला नाही, जोड्यांना.

निघताना लाल मणी माझ्या तळहातावर ठेवला. "हा तुझा." तो इथे चिकटपट्टीने लावलाय, पानाच्या कोपऱ्यात. पुरचुंडी टेबलावर नव्हती. कधी उचलली ते मला दिसलं नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

सगळी शाळा नारिंगी. माझा शर्ट गुडघ्यापर्यंत.

जोडे मधल्या टेबलावर होते, आजच्या दिवसापुरते, फिलोमीनबाईंनी दिलेले. जुनं कार्ड आणि "जुने ऋणानुबंध"ची पाटी मॅडमनी सकाळीच काढली. नवं कार्ड जोसीने लिहिलंय, पेन्सिलीने, ओळ वर चढत गेलेली: "नॉर्बर्ट लाँगग्रास. वय सहा. हे त्याचे आहेत. त्याच्या आईने केले." फिलोमीनबाई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. भाषण केलं नाही. पोरं रांगेने आली, ज्याला हवं त्याचं बोट धरून त्या निळ्या मण्यावर ठेवत होत्या.

पालक जमल्यावर मी उठले. मॅडमना विचारलं नव्हतं. म्हटलं, "ते कार्ड पुरेसं नाही. ट्रक माझे वडील चालवत होते. स्टीव्ह सावचिन. तुम्ही सगळे त्यांना ओळखत होता." पुढचं जे ठरवलं होतं ते आठवेना, म्हणून खाली बसले.

म्हातारा कोवालचुक काठी आपटत बाहेर गेला. पोस्टातल्या मार्गरेटने माझ्याकडे पाठ केली. कुणीतरी, बहुतेक स्वयंपाकघरातल्या आयरीनने, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग घाईने काढून घेतला. ऑरेस्टला कळेलच. मी स्वतःच सांगेन. मी तातोंवर प्रेम करते. ते माझ्यासाठी सायकल दुरुस्त करत बसायचे, इंग्रजीतला एक शब्द न कळता माझ्या शाळेच्या नाटकाला यायचे. हेही इथेच लिहायला हवं, कारण दुसरीकडे कुठे लिहू?

कार्यक्रम संपल्यावर फिलोमीनबाईंनी जोडे शालीत गुंडाळले आणि छातीशी धरून भाचीच्या गाडीत बसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. का बघावं?

३ ऑक्टोबर, मंगळवार

खिडक्यांवर पहिलं दहिवर. इंजिन दोनदा खोकलं.

सात चाळीसला रेड विलो. मी सबंध रस्ताभर धास्तावलेली होते, त्या येतील का, जोसीला पाठवतील का, की आता शेजाऱ्याच्या गाडीने सोडतील. दोघी उभ्या होत्या. जोसी चढली, तिसरा दात पडलाय तो दाखवला, मागे गेली.

फिलोमीनबाईंनी नेहमीसारखा हात दांडीकडे नेला. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "पावणेचारला परत आणते."

हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग तो हात खाली आला, शालीत गेला.

"बरं," म्हणाल्या. "मग दार लाव. पोरांना गार लागतंय."

तीन चव्वेचाळीसला पोचले.